न ऐकलेला उतारा

रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल माझं नसतं. तिथे चहाचा कप ठेवायचा तरी परवानगी काढावी लागते. बायको पुढच्या आठवड्याचे वाचनाचे तास आखायला बसते. एकदा ती बसली की टेबलावर कागद, जाड पुठ्ठ्याची कार्डं, कात्री, डिंक, रंगीत खडू आणि खोडरबराचा भुसा असा सगळा बाजार मांडला जातो. मी फ्रीज दुरुस्त करतो. माझी पक्कड घरात कुठे दिसली तर ती डोळे वटारते, पण तिची कात्री माझ्या खुर्चीत पडलेली असते आणि ती कुठे आहे हे मला बसल्यावरच कळतं.

तिचं काम नीट सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या कामातूनच झालं. ती प्राथमिक शाळेत वाचनाची शिक्षिका आहे. अख्ख्या वर्गाला एकदम शिकवत नाही. चार-पाच मुलं बाजूला काढायची, कोपऱ्यातल्या अर्धगोल टेबलाभोवती बसवायची आणि त्यांच्याकडून एक लहानसा उतारा वाचून घ्यायचा. आधी त्यातले नवे शब्द, मग वाचन, मग प्रश्न. लग्न नवं असताना मी एकदा म्हणालो होतो, "त्यात एवढं आखायचं काय असतं?" त्यावर तिने माझ्याशी असा अबोला धरला की मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

आता मला त्यातलं थोडंफार कळतं. शब्द असा निवडायचा की मुलाला तो येत नाही, पण पुढे जन्मभर भेटणार आहे. 'शेपूट' नको, ते येतं. 'निमूट' चालेल, 'हिरमुसला' चालेल, 'सावध' तर उत्तम. कार्डावर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला चित्र. मग प्रश्न. काहींचं उत्तर उताऱ्यात सरळ सापडतं. काहींचं लिहिलेलं नसतं, पण वाचणाऱ्याला उमगायला हवं. आणि काही असे की मुलाने स्वतःच्या डोक्यातून उत्तर काढावं. हे शेवटचे लिहिताना ती पेन्सिल चावते. तयार झालेला तास आधी माझ्यावर चालवून बघते. मी मुद्दाम काहीतरी अडाण्यासारखं उत्तर देतो.

"कोल्हा निमूट का बसला असेल?"

"त्याची बायको शिक्षिका असेल."

"तुम्हाला मी मुंगी गटातसुद्धा घेणार नाही," ती म्हणायची. मुंगी म्हणजे सगळ्यात कच्चा गट. त्यावर ससा, आणि सगळ्यात वर हरीण.

उतारे ती स्वतः लिहायची. पुस्तकातला उतारा एखाद्या मुलाने मोठ्या भावाकडून ऐकलेला असतो, कुणाला शिकवणीत पाठ करून घेतलेला असतो. मग ते मूल वाचतंय की घोकलेलं म्हणतंय, कळणार कसं? म्हणून मुलाच्या नजरेला आधी कधीच पडला नाही असाच उतारा हवा, हा तिचा हट्ट. उतारा लिहून झाला की वर कोपऱ्यात ती एक चित्र काढायची आणि कागद पिशवीत घालून कपाटात कुलूपबंद करायची. मोठ्या बाईंनासुद्धा सोमवारच्या आधी तो दिसत नसे. मोठ्या बाई म्हणजे तिच्या मुख्याध्यापिका.

मात्र कुलपात जाण्याआधी उतारा मोठ्याने वाचून बघितला जायचा. कान अडखळला की वाक्य मोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा वाचायचं. प्रश्नही मोठ्याने, उत्तरंही. दिवेलागणीपर्यंत तो उतारा मलाही तोंडपाठ व्हायचा. सोमवारी कुणाच्या तरी फ्रीजमागे उकिडवा बसलेला असताना माझ्या तोंडून निघायचं, "कोल्हा निमूट बसला," आणि घरमालकीण माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायची.

भिंगरी आमच्याकडे आली तेव्हा दुसरी संपवून तिसरीत जायची होती आणि तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलं. पण तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळली आणि गेली, त्या वर्षात पोर जिथे बसवाल तिथे बसू लागली. नाव भिंगरी, आणि हलायचं नाव नाही. धाकट्याची कारखान्यात पाळी असे, कधी दिवसाची, कधी रात्रीची. तिकडच्या शाळेने तिला पुढच्या वर्गात घ्यायला चक्क नकार दिला होता. तो तिला घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताखाली ठेवा. वाचायला लागली की नेतो."

आम्हाला मूल नाही. आता त्याबद्दल आम्ही बोलतही नाही. पण तिचे लहान बूट दारात दिसले आणि मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

बायकोने तिला आपल्या शाळेत घातलं आणि मुंगी गटात घेतलं. घरी भिंगरीचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली. रविवारी वरून कागदाच्या चिंध्या पडायच्या, त्या गोळा करून ती ओळीने मांडत बसायची. बोलायची जवळजवळ नाहीच. मी वरून बिस्कीट खाली सोडायचो, खालून हात यायचा.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग एकदा बायको शाळेतून आली आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. रडत होती.

"वाचलं तिने," ती म्हणाली. "अख्खा उतारा. कुठे अडखळली नाही. पूर्णविरामाला थांबली. आणि अहो, 'म्हातारीने दार का उघडलं नसेल' असं विचारलं, तर म्हणाली, तिला वाटलं असेल पुन्हा कुणीतरी फसवायला आलं. हे उताऱ्यात लिहिलेलं नाही हो! तिला उमगलं ते!"

भिंगरी तिच्यामागे दप्तर घेऊन उभी होती आणि आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा दात दाखवून हसत होती. मी तिला उचलून टेबलावर उभी केली. टेबलावर चप्पल चालत नाही, पण त्या दिवशी चालली.

त्यानंतर ती सुसाट निघाली. मुंगीतून सशात, सशातून हरणात. मुंगी गटातली तिची खुर्ची दुसऱ्या मुलाला मिळाली. मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत बायकोचं कौतुक केलं. बायकोने त्याच संध्याकाळी धाकट्याला फोन लावला. "भाऊजी, पोर वाचायला लागली बरं का! थांबा, ऐकाच." भिंगरीने कागद समोर धरला आणि फोनवर उतारा वाचून दाखवला. संवादांना वेगवेगळे आवाज काढून. तिकडे धाकटा हुंदके देत होता. मी आनंदलो होतो, आणि धास्तावलोही होतो, कारण 'वाचायला लागली की नेतो' हे त्याचे शब्द मी विसरलो नव्हतो.

मध्यंतरी धाकट्याने दुसरं लग्न केलं. आम्ही काही बोललो नाही. एकटा माणूस, त्याने तरी काय करावं.

आणि मग कुत्र्याचा उतारा आला. त्या रविवारी बायकोने एका कुत्र्याची गोष्ट लिहिली होती, विहिरीत पडतो आणि गावकरी त्याला दोर सोडून वर काढतात अशी. मंगळवारी शाळेत गेल्यावर तिला कळलं की हरीण गटातल्या एका मुलीचा कुत्रा आदल्याच दिवशी गाडीखाली गेला होता. मुलगी रडून रडून लाल झालेली. बायकोने मधल्या सुट्टीत बसून सगळ्या कागदांवर 'कुत्रा' खोडून 'बोकड' लिहिलं. 'भुंकला'च्या जागी 'ओरडला'. वरचं चित्र बदलायला वेळ नव्हता, त्यालाच घाईघाईने शिंगं काढली.

पहिली पाळी भिंगरीची आली. तिने कागद धरला आणि सुंदर वाचलं. कुत्रा विहिरीत पडला. कुत्रा भुंकला. गावकऱ्यांनी कुत्र्याला वर काढलं.

"बाई, बोकड आहे ना इथे?" एक मुलगा म्हणाला. सगळी हसली. जिचा कुत्रा मेला होता ती हसली नाही, ती पुन्हा रडू लागली. भिंगरी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आपलं काय चुकलं तेच तिला कळेना.

घरी आल्यावर बायकोने एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. मांजर दारात बसलं होतं. त्याला भूक लागली होती. चित्र नाही, काही नाही. कागद भिंगरीसमोर ठेवला. "वाच बघू."

भिंगरीने कागदाकडे बघितलं. मग काकूच्या तोंडाकडे. मग माझ्या. वाट बघत राहिली. मग अगदी सरळपणे म्हणाली, "काकू, तू आधी वाच ना."

बायको खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर. टेबलाखालची ती जागा तिने पहिल्यांदाच त्या नजरेने बघितली असावी. ती एवढंच म्हणाली, "मी कुलपात ठेवत होते हो उतारे."

पोरीने कुणाला फसवलं नव्हतं. वाचणं म्हणजे हेच, असं तिला वाटत होतं. मोठं माणूस आधी म्हणतं, आपण ते जपून ठेवायचं, आणि कागद हातात आला की चित्र बघून न चुकता म्हणून दाखवायचं. प्रश्नांची उत्तरंही तिने तशीच जपली होती. म्हातारीने दार का उघडलं नसेल, याचं उत्तर माझ्या बायकोने रविवारी पेन्सिल चावत चावत मोठ्याने जुळवलं होतं. तेच तिला परत मिळालं, आणि ती ते ऐकून रडत घरी आली होती. माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. कुणावर चिडायचं ते कळेना, म्हणून मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी बायकोने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं आणि पोरीला पुन्हा मुंगी गटात घ्यायची परवानगी मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, गट भरलेला आहे. म्हणाल्या, तुम्हीच वर चढवलंत, आता तुम्हीच खाली उतरवणार, पालकांना काय सांगायचं? वरिष्ठांकडे निकाल गेलाय. शेवटी चहा मागवून म्हणाल्या, "अहो बाई, येतं तिला. तुम्ही फार मनाला लावून घेता." अशा बाईंच्या फ्रीजचा मी कॉम्प्रेसर काढून ठेवीन आणि वर्षभर परत देणार नाही.

मग बायको तिला घरीच शिकवू लागली, अगदी मुळापासून. आणि रविवारी मोठ्याने वाचणं बंद केलं. ओठ मिटून उतारे लिहायची. स्वयंपाकघरात नुसता कात्रीचा आवाज. भिंगरीला हे मुळीच आवडलं नाही. तिच्या तोंडचं काहीतरी काढून घेतल्यासारखं तिला वाटत होतं. एकेक अक्षर गिरवायला बसवलं की हिरमुसायची. "मला येतं की काकू. मी हरणात आहे." दहा-बारा अक्षरं कशीबशी तिच्या ओळखीची झाली असतील, तोच धाकटा आला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आला. नवा शर्ट, हातात पोरीसाठी नवं दप्तर. भिंगरी धावत गेली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. चहा झाला. तो खुशीत होता. त्याने घर बदललं होतं, आता दोन खोल्या होत्या. भावजयही त्याच्याच कारखान्यात होती. तिची आई त्यांच्याकडे राहायला आली होती, म्हातारी पडूनच असते, उठवत नाही.

"आमच्या दोघांच्या पाळ्या," तो म्हणाला. "दुपारी घरात कुणी नसतं. तर भिंगरी शाळेतून आली की आजीजवळ बसेल. औषधांच्या वेळा असतात, तेवढं देईल. बाटल्यांवर सगळं लिहिलेलं असतंच. आता वाचता येतं तिला, म्हणून तर जमतंय."

बायकोने कप खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं. तिने भिंगरीकडे बघितलं. पोर बापाला चिकटून बसली होती, आणि तिचा चेहरा इतका फुलला होता की तिच्यासमोर ते बोलायचं म्हणजे तिच्या मुस्कटात मारण्यासारखंच होतं. बायकोच्या जागी मी असतो तर आधी पोरीला बाहेर पाठवलं असतं. बायकोला तेवढाही धीर राहिला नाही.

"भाऊजी, तिला वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"येत नाही. माझी चूक झाली. ती ऐकून म्हणते. तिच्या हातात औषधं देऊ नका."

धाकटा हसला. चेष्टा चाललीय असं त्याला वाटलं. भिंगरी मात्र हसली नाही. ती काकूकडे बघत होती. धाकट्याने फडताळावरची एक बाटली उचलली आणि लेकीच्या हातात दिली. "काय लिहिलंय गं?"

"खोकल्याचं औषध," भिंगरी म्हणाली. "मोठ्यांना दोन चमचे, लहानांना एक."

धाकट्याने बाटली फिरवून बघितली. बरोबर होतं.

"अहो, मागच्या आठवड्यात तिलाच दिलं मी ते," बायको म्हणाली. "तिला माहीत आहे ती बाटली."

"बरं." धाकट्याने टेबलावरच्या जुन्या गठ्ठ्यातून मधलाच एक कागद ओढला. "हे घे. हा तर तुमच्याच शाळेचा."

कागदाच्या कोपऱ्यात कोल्ह्याचं चित्र होतं. भिंगरी उभी राहिली, कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचलं. कोल्हा निमूट बसला इथपासून शेवटपर्यंत, कोल्ह्याचा वेगळा आवाज, कावळ्याचा वेगळा. मान वर करून थांबली, श्वास घेतला, पुढे गेली. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा तिने ऐकलाय," बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "मी इथेच बसून वाचला होता."

"मग काय घरातलं सगळंच पाठ आहे का तिला?"

"हो!"

"वहिनी, काय बोलताय ते तुम्हाला तरी कळतंय का?"

बायकोने उठून कोपऱ्यातलं वर्तमानपत्र आणलं आणि भिंगरीसमोर पसरलं. "हे वाच, बाळा. कुठलीही एक ओळ. जमत नसेल तर नाही म्हण, काकू रागवणार नाही." पोरीने त्या बारीक अक्षरांवर डोळे लावले. मग ती ढसाढसा रडायला लागली आणि बापाच्या शर्टात तोंड खुपसलं.

"पेपर देतात का पोरीला वाचायला?" धाकटा उठला. "मलाही अर्धा कळत नाही त्यातला. तुम्हीच मला फोन केलात वहिनी. तुम्हीच म्हणालात वाचायला लागली. आता मी न्यायला आलो तर येईनासं झालं होय?"

"ती खरं सांगतेय रे," मी म्हणालो.

"दादा, तूसुद्धा?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं कळलं. "मला समजतं. तुम्हाला मूल नाही. लळा लागलाय. पण म्हणून माझ्या पोरीला तिच्या तोंडावर ढ म्हणायचं? हे बरं नाही केलंत."

त्याने खोटं काही म्हटलं नव्हतं. ती राहावी असं मला वाटतच होतं, आणि तेच त्याला दिसत होतं. त्यामुळे आमचं खरंही त्याला खोटं वाटलं. माझं डोकं फिरलं. मी खुर्ची मागे लाथाडली आणि म्हणालो, "चालता हो माझ्या घरातून." हे बोलायला नको होतं, पण बोललो. त्याने नव्या दप्तरात तिचे कपडे कोंबले. बायको त्याच्यामागून खोलीभर फिरत होती, "भाऊजी, निदान बाटल्यांना रंगीत पट्ट्या लावा, सकाळची लाल, रात्रीची निळी, एवढं तरी ऐका," म्हणत रंगीत चिकटपट्ट्या त्याच्या हातात कोंबत होती. त्याने त्या टेबलावर ठेवल्या. जाताना भिंगरीने माझा हात धरला, पण काकूकडे बघितलं नाही.

बायकोने त्याच संध्याकाळी भावजयीला फोन केला. ती म्हणाली, मी सगळं समजावून सांगेन तिला, तुम्ही काळजी करू नका. समजावलं असणारच. तिने एकेक बाटली उचलून लेबल मोठ्याने वाचून दाखवलं असेल, आणि भिंगरीने ते नेहमीसारखं जपून ठेवलं असेल. बायको तेच म्हणाली आणि जेवली नाही.

पुढचे काही महिने काही झालं नाही. धाकटा मला कधीमधी एखादा कोरडा फोन करायचा. पोर हुशार आहे, आजीचं सगळं वेळेवर करते, शेजारीपाजारी कौतुक करतात. वहिनीला फोन दे असं कधी म्हणायचा नाही. बायको पुन्हा रविवारी बसायची, पण आता शब्द निवडताना तिचा हात चालत नसे. मुंगी गटातल्या प्रत्येक मुलाला ती रोज एक नवीकोरी ओळ लिहून द्यायची आणि त्याच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत बसायची. मुलं कंटाळायची. मोठ्या बाईंनी लेखी विचारणा केली की तुमचे गट पुढे का सरकत नाहीत.

मग एका दुपारी मी कामावरून लवकर आलो होतो, बायको नुकतीच शाळेतून आली होती, आणि धाकट्याचा फोन आला. तो ओरडत होता. आधी काही कळेना. मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुकानात आजीचं नेहमीचं औषध संपलं होतं, म्हणून भावजयीने दुसऱ्या कंपनीचं आणलं, ती बाटली वेगळ्या रंगाची. आणि तिथेच शेजारी म्हातारीच्या गुडघ्यांना चोळायचं औषध होतं, तपकिरी बाटलीतलं, अगदी जुन्या औषधासारखं दिसणारं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, पोटात घेऊ नये. भिंगरीने तपकिरी बाटलीतून एक चमचा दिला. म्हातारी तोंड वाकडं करायला लागली, तेव्हा आजी नखरे करते असं समजून आणखी एक दिला. म्हातारी गेली होती. सगळे दवाखान्यात होते.

"माणसं आलीत चौकशीला," धाकटा म्हणाला. तो आता ओरडत नव्हता, त्याचा आवाज बसला होता. "सगळे तेच विचारतायत. वाचता येतं तर वाचलं का नाही? मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय. आणि ही... ही म्हणतेय पोरीने मुद्दाम दिलं. सावत्र आईचा राग तिच्या म्हाताऱ्या आईवर काढला म्हणतेय. दादा, मी काय करू?"

मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. बायको खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"भाऊजी, फोन तिला द्या," ती म्हणाली.

खूप आवाज होते, कुणीतरी रडत होतं. मग भिंगरीचा श्वास ऐकू आला.

"बाळा, नीट ऐक," बायको म्हणाली. "तिथे जी माणसं आहेत ना, त्यांना सांग, मला वाचता येत नाही. एवढंच सांग. काकूने नीट शिकवलं नाही म्हणून सांग. सगळी चूक काकूची आहे. म्हणशील ना? म्हण, मला वाचता येत नाही."

"मी बरोबर दिलं," भिंगरी म्हणाली. "मी वाचूनच दिलं."

"नाही गं राणी. तुला येत नाही ना अजून? आपण शिकत होतो ना? सांग त्यांना. कुणी हसणार नाही."

"येतं मला." तिचा आवाज कडक झाला. बापासमोर काकूने एकदा 'येत नाही' म्हटलेलं ती विसरली नव्हती. "मी हरणात होते. तूच बाबांना सांगितलंस."

"सोनू, ऐक माझं..."

"बाटली इथेच आहे. वाचून दाखवू?" आणि कुणी हो म्हणायच्या आत तिने सुरुवात केली. शाळेत उभं राहून वाचतात तशी, मोठ्याने, स्वच्छ, पूर्णविरामाला थांबत. "जेवणानंतर एक चमचा घ्यावे. बाटली चांगली हलवून घ्यावी. झाकण घट्ट लावावे."

मग भावजयीचा आवाज आला, रडून घोगरा झालेला, आणि तो आमच्याशी बोलत नव्हता. "बघा. बघा साहेब. समोर एवढं लाल लिहिलेलं आहे, आणि पोर कशी तोंडावर खोटं बोलतेय."

"खोटं नाही हो!" बायको फोनवर वाकून ओरडली. "ती वाचतेय! तिला वाटतंय ती वाचतेय!"

पण तोवर तिकडून कुणीतरी फोन बंद केला होता.